विचारणापत्रातील लेखक-परिचय : मान आणि अधिकार

१

वाङ्मयप्रकारांची चर्चा करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः काव्य, नाटक, कादंबरी यांकडे आणि फार तर आत्मचरित्र व पत्रवाङ्मय यांकडे जाते. पुस्तकाच्या मलपृष्ठावर किंवा प्रकाशनव्यवहारातील एखाद्या पत्राच्या अखेरीस चार-पाच वाक्यांत येणारा लेखकाचा परिचय हा स्वतंत्र विचारास पात्र असा गद्यप्रकार आहे, असे सहसा कोणास वाटत नाही. त्याची गणना जाहिरातीत केली जाते आणि जाहिरात ही वाङ्मयाभ्यासाच्या कक्षेबाहेरची मानली जाते. जेरार जनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ मध्ये शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठ अशा ग्रंथाच्या उंबरठ्यावरील मजकुराचा पद्धतशीर विचार केल्यानंतर ही उपेक्षा काहीशी कमी झाली, इतकेच.

या प्रकाराचा एक उपप्रकार म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतील लिटररी एजंटकडे पाठवावयाच्या विचारणापत्रातील लेखक-परिचय. मराठीच्या अभ्यासकाला तो आता परका राहिलेला नाही. गीतांजली श्री यांच्या हिंदी कादंबरीच्या डेझी रॉकवेलकृत अनुवादाला २०२२ मध्ये आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या दीपा भास्ती यांनी केलेल्या अनुवादाला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळाले. भारतीय भाषांतील कृती इंग्रजीत नेण्याची उमेद त्यामुळे वाढली. अशी कृती नेऊ पाहणाऱ्या अनुवादकाला किंवा लेखकाला पुस्तकाचा सारांश लिहिणे जमते. परंतु स्वतःविषयीचा परिच्छेद लिहिताना त्याची लेखणी अडखळते. या अडखळण्याचे कारण संकोच किंवा इंग्रजीचे अपुरे ज्ञान असे सांगितले जाते. ते कारण वरवरचे आहे. खरे कारण असे की, मराठी परंपरेतील लेखक-परिचय आणि विचारणापत्रातील लेखक-परिचय हे दोन निराळ्या प्रश्नांना दिलेले उत्तर आहे. पहिला लेखकाचा मान सांगतो. दुसऱ्याकडून अपेक्षा असते ती अधिकार सांगण्याची. या भेदाचे भाषिक स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

लिटररी एजंट हा व्यवसाय इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात उदयास आला. लंडनचा ए. पी. वॉट हा त्याचा आद्य प्रवर्तक मानला जातो. जे. बी. पिंकर याने १८९६ मध्ये आपली कचेरी थाटली आणि पुढे जोसेफ कॉनरॅडसारख्या लेखकाचे व्यवहार सांभाळले. वॉटच्या काळी लेखकाच्या प्राप्तीवर शेकडा १० असलेली दलाली आज देशांतर्गत व्यवहारात सामान्यतः शेकडा १५ आणि परदेशी हक्कांच्या व्यवहारात शेकडा २० अशी आहे. प्रतिष्ठित एजंट हस्तलिखित वाचण्यासाठी शुल्क आकारीत नाही. पुस्तक विकले गेले तरच त्याला प्राप्ती होते. साहजिकच अनोळखी लेखकाच्या पत्राला तो जो वेळ देतो तो अल्प असतो आणि विचारणापत्राचा घाट या अल्पतेतून सिद्ध झाला आहे.

हे पत्र सुमारे एका पृष्ठाचे, २५० ते ४०० शब्दांचे असते. त्यात पुस्तकाचे नाव, प्रकार व शब्दसंख्या, मग कथानकाचा किंवा विषयाचा गाभा आणि शेवटी ५० ते १०० शब्दांत लेखकाचा परिचय असा क्रम रूढ आहे. कादंबरी पूर्ण झाल्यावरच असे पत्र पाठवावयाचे असते. ललितेतर पुस्तक मात्र प्रस्ताव व नमुन्याची प्रकरणे यांवरही स्वीकारले जाते; म्हणून तेथे लेखक कोण, या प्रश्नाचे वजन कितीतरी अधिक असते. विजय भाटिया यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात मालाच्या विक्रीची पत्रे व नोकरीचे अर्ज यांची रचना मूलतः एकच असल्याचे दाखविले आहे, आणि ‘आपली पात्रता प्रस्थापित करणे’ हा त्या दोहोंतील एक टप्पा आहे. विचारणापत्र हे या दोन प्रकारांच्या सीमेवर उभे आहे. त्यात पुस्तक विकावयाचे असते आणि लेखकाने स्वतःला रुजूही करावयाचे असते.

मराठी प्रकाशनव्यवहारात हा मध्यस्थ रूढ झालेला नाही. येथे लेखक थेट प्रकाशकाकडे किंवा नियतकालिकाच्या संपादकाकडे जात आला. १९८२ मध्ये बंद पडेपर्यंत ‘सत्यकथे’ने अनेक लेखकांची पारख केली ती हाती आलेल्या लेखनावरून व पत्रव्यवहारातून. लेखकाची ओळख वाचकाला करून देण्याचे काम ज्येष्ठ साहित्यिकाची प्रस्तावना करीत असे. म्हणजे मराठीत लेखकाविषयी बोलावयाचे ते दुसऱ्याने, असा संकेत होता. या संकेताची मुळे बरीच खोल आहेत.

३

‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत पारिपार्श्वक सूत्रधाराला विचारतो की, भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारखे ख्यातनाम कवी असताना कालिदास या विद्यमान कवीच्या कृतीला एवढा मान कशासाठी? नव्या लेखकापुढील अडचण याहून नेमकेपणाने मांडता येणार नाही. सूत्रधार उत्तरादाखल कवीचे कुल, गुरू वा पूर्वीचे यश यांपैकी काहीही सांगत नाही. जुने तेवढे चांगले असे नसते आणि जाणत्याने परीक्षा करून निवड करावी, एवढेच तो सुचवितो. याउलट भवभूती ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत विदर्भातील पद्मपूर, काश्यप गोत्र, पितामह भट्टगोपाल, पिता नीलकंठ, माता जातुकर्णी असा तपशीलवार परिचय देतो. एक नाव सांगून थांबतो, दुसरा वंश सांगतो. परंतु दोघांच्याही बाबतीत बोलणारा सूत्रधार आहे. कवी स्वतः पडद्याआड आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ या कालनिर्देशाबरोबर नाथपंथाची गुरुपरंपरा येते, तेव्हा तेथेही रचनाकाराचा अधिकार हा त्याच्या स्वतःच्या ठायी नसून परंपरेने त्याच्याकडे आलेला आहे, अशीच मांडणी असते. संतकवींच्या अभंगांतील ‘तुका म्हणे’सारखी नाममुद्रा तर कवीला स्वतःच्याच रचनेत तृतीयपुरुषी करून ठेवते.

भाषाविज्ञानाच्या दृष्टीने या तृतीयपुरुषाचे महत्त्व मोठे आहे. एमिल बेनव्हनिस्त यांनी १९४६ च्या लेखात असे प्रतिपादन केले की, प्रथम व द्वितीय हेच खरे ‘पुरुष’ होत. तृतीयपुरुष म्हणजे संवादात उपस्थित नसलेल्याचा निर्देश. लेखक स्वतःचा परिचय तृतीयपुरुषात लिहितो तेव्हा तो स्वतःलाच संवादातून अनुपस्थित करतो. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७९ मध्ये बोलणाऱ्याच्या भूमिकेचे तीन घटक वेगळे केले : प्रत्यक्ष उच्चारणारा, शब्दांची रचना करणारा आणि त्या शब्दांमागील भूमिकेला उत्तरदायी असणारा. मलपृष्ठावरील परिचयात रचयिता बहुधा लेखक असतो, परंतु उच्चारक आणि उत्तरदायी म्हणून प्रकाशक उभा असल्याचा भास निर्माण केला जातो. विचारणापत्रात हा आडोसा नाही. पत्र प्रथमपुरुषी असते आणि परिचयाचा परिच्छेदही सामान्यतः त्याच पुरुषात लिहिला जातो. तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीच्या माथी येतात. सूत्रधार, प्रस्तावनाकार व प्रकाशक हे तिघेही अंतर्धान पावतात आणि लेखकाला स्वतःची साक्ष स्वतः द्यावी लागते.

मराठी लेखकाच्या बाबतीत येथे आणखी एक गुंता आहे. इंग्रजीत तृतीयपुरुषी सर्वनाम आदराच्या बाबतीत तटस्थ असते. मराठीत ‘तो पुण्यास राहतो’ आणि ‘ते पुण्यास राहतात’ यांतून निवड केल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. स्वतःचा परिचय स्वतः लिहिणारा मराठी लेखक ‘त्यांनी कादंबरी लिहिली’, ‘त्या अध्यापन करतात’ असे आदरार्थी बहुवचन स्वतःसाठीच योजतो आणि त्यात कोणास वावगे वाटत नाही. कारण हे शब्द दुसऱ्या कोणाचे तरी आहेत, ही समजूत वाचकाने आधीच मान्य केलेली असते. ‘तुका म्हणे’ या मुद्रेतील एकवचन आणि आधुनिक परिचयातील ‘त्यांनी’ यांमधील अंतर हे केवळ शैलीचे अंतर नव्हे. पहिल्यात बोलणारा स्वतःला लहान करून स्वतःचे नाव घेतो. दुसऱ्यात तो आपल्यासाठी एक आदरशील निवेदक कल्पितो.

या सवयीने घडलेला परिचय इंग्रजीत नेला की बहुवचन गळून पडते, पण त्याबरोबर आलेला सत्काराचा सूर मागे राहतो. व्याकरणाचा आधार सुटल्यावर तोच सूर आत्मप्रौढीसारखा ऐकू येतो. मूळ मराठी वाक्यात आत्मप्रौढी नव्हती; ती भाषांतराने निर्माण केली.

४

मराठीतील ‘अल्प परिचया’चा साचा परिचित आहे : जन्म, जन्मस्थान, शिक्षण, अधिकारपद, ग्रंथांची यादी, पारितोषिके, संस्थांतील पदे. हा साचा सभेत अध्यक्षांची ओळख करून देण्याच्या प्रथेशी जुळणारा आहे. सभेपुढे जो बसला आहे तो मानार्ह आहे, हे तेथे गृहीत असते. परिचय त्या मानाची उजळणी करतो. त्या प्रसंगी तो योग्यच होय. विचारणापत्रात मात्र काहीच गृहीत नसते. तेथे एकच प्रश्न विचारलेला असतो : हे पुस्तक या व्यक्तीने लिहावे, याला आधार काय?

एक कल्पित उदाहरण घ्यावे. दुष्काळी गावातील पाणीवाटपावर एका निवृत्त अभियंत्याने कादंबरी लिहिली आहे. प्रचलित साच्यातील परिचय असा होईल : ‘श्री. अमुक यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील एका सुसंस्कृत कुटुंबात झाला. बालपणापासूनच त्यांना वाचनाची आवड होती. त्यांचे अनेक लेख विविध नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले असून विविध संस्थांनी त्यांना गौरविले आहे.’ आता दुसरा परिचय पाहावा : ‘जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात मी २२ वर्षे अभियंता होतो. माण तालुक्यातील टँकरच्या फेऱ्यांची नोंद तपासणे हे माझ्या कामापैकी एक होते. कादंबरीतील नोंदवही त्यातून सुचली. ही माझी पहिली कादंबरी.’

दुसऱ्या परिचयात मानाचा एकही शब्द नाही, तरीही तो अधिक वजनदार आहे. याचे कारण शब्दांच्या जातींत सापडते. पहिल्या परिचयाचा भार विशेषणांवर आहे : सुसंस्कृत, अनेक, विविध. ‘अनेक’ आणि ‘विविध’ ही विशेषणे संख्येचा आभास देतात आणि संख्या लपवितात. लेख तीन असोत की तीनशे, वाक्य तेच राहते. दुसऱ्या परिचयाचा भार नामांवर व संख्येवर आहे : विभाग, तालुका, टँकर, नोंद, २२ वर्षे. विशेषण हा बोलणाऱ्याचा अभिप्राय असतो आणि स्वतःविषयीच्या अभिप्रायाला साक्ष म्हणून किंमत नसते. नाम व संख्या पडताळून पाहता येतात. पारितोषिकाचा उल्लेख करावयाचा तर त्याचे नाव व वर्ष द्यावे; अन्यथा तो करू नये. बालपणापासूनची वाचनाची आवड ही खरी असली तरी ती पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकाचीच असते, म्हणून ती या लेखकाविषयी काहीच सांगत नाही.

दुसऱ्या परिचयातील ‘ही माझी पहिली कादंबरी’ हे वाक्य सूक्ष्मपणे पाहण्याजोगे आहे. मराठी लेखणीतून येथे सहज ‘ही माझी पहिलीच कादंबरी’ असे उतरले असते. एका ‘च’ने माहितीची क्षमायाचना होते. भाटिया यांनी दक्षिण आशियातील नोकरीच्या अर्जांत स्वतःला कमी लेखून समोरच्याचा गौरव करण्याची जी रीत नोंदविली आहे, तिचेच हे सौम्य रूप होय. जेफ्री लीच यांनी १९८३ मध्ये विनयाचे जे तत्त्व मांडले ते स्वतःची स्तुती कमी करावी असे सांगते. परंतु स्तुती टाळणे आणि दैन्य दाखविणे या दोन क्रिया एकच नव्हेत. विचारणापत्र पहिलीची अपेक्षा करते व दुसरीने अवघडते. पहिलेपण हा तेथे दोषही नव्हे; नव्या लेखकाच्या शोधात असलेल्या एजंटला ती उपयुक्त माहिती असते.

भारतीय शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी असे चार अनुबंध सांगण्याची प्रथा होती. त्यांतील अधिकारी म्हणजे ग्रंथ वाचण्यास पात्र असा वाचक. विचारणापत्र अधिकाराचा प्रश्न उलट दिशेने विचारते. ते लेखकाची पात्रता मागते. ग्रंथाचा विषय आणि लेखकाचे जीवन यांतील संबंध दाखविणारे वाक्य हा म्हणून या परिचयाचा गाभा होय. ते वाक्य नसेल तर पदव्या आणि पदे यांची रास निरुपयोगी ठरते. ते असेल तर बाकीचे बरेचसे गाळले तरी चालते.

५

येथवरच्या विवेचनावरून हा गद्यप्रकार सर्वथा निर्दोष आहे असा ग्रह होऊ नये. त्याविरुद्ध दोन आक्षेप गंभीर आहेत.

पहिला आक्षेप असा की, ललित कृतीचा अधिकार तिच्या संहितेत असतो, कर्त्याच्या वृत्तांतात नव्हे. शार्लट ब्राँटेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तिची ‘द प्रोफेसर’ ही कादंबरी अनेक प्रकाशकांकडून परत आली, आणि आधीच्या प्रकाशकांची नावे खोडलेल्या त्याच वेष्टनात ती १८४७ मध्ये स्मिथ, एल्डर या संस्थेकडे पोचली. त्या संस्थेने ती नाकारली, पण त्याच वर्षी ‘जेन एअर’ स्वीकारली. मुखपृष्ठामागील नावाच्या पानावर ‘आत्मचरित्र, संपादक करर बेल’ असा निर्देश होता. म्हणजे लेखिकेने रचयित्याची भूमिका लपवून केवळ संपादकाची घेतली होती. प्रकाशकाला लेखकाचे लिंग, वय वा व्यवसाय ठाऊक नसताना पुस्तक यशस्वी झाले. तिन्ही बेल एकच व्यक्ती असल्याचा गैरसमज पसरला, तेव्हा जुलै १८४८ मध्ये शार्लट आणि ॲन यांना लंडनला जाऊन प्रकाशकासमोर प्रत्यक्ष उभे राहावे लागले. बहिणींचा चरित्रात्मक परिचय शार्लटने लिहिला तो १८५० मध्ये, त्या दोघींच्या मृत्यूनंतर. परिचय येथे कृतीच्या मागून आला, आणि कृतीचे काही अडले नाही. अशी लपवणूक इंग्रजी प्रथमपुरुषाला सोपी आहे. मराठीत ‘मी लिहिले’, ‘मी पाठवीत आहे’ येथवर लिंग झाकता येते. ‘मी राहतो’ किंवा ‘मी राहते’ म्हणताच ते उघड होते.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. जीवन आणि विषय यांचा संबंध दाखवा, ही मागणी लवकरच तुमचे दुःख दाखवा, या मागणीत रूपांतरित होऊ शकते. कथेतील उपेक्षित समूहाचाच लेखक असलेली पुस्तके ओळखता यावीत म्हणून कोरिन डायव्हिस यांनी २०१५ मध्ये ‘स्वतःचा आवाज’ या अर्थाची एक खूण सुचविली. हेतू उदार होता. परंतु लेखकांवर आपली खाजगी ओळख जाहीर करण्याचे दडपण येऊ लागले आणि बालवाङ्मयात विविधतेसाठी झटणाऱ्या अमेरिकन संस्थेने २०२१ मध्ये त्या खुणेचा वापर सोडून दिला. दुसऱ्या टोकाला जे. टी. लरॉय हे प्रकरण आहे. अत्याचार सोसलेल्या तरुणाचा परिचय धारण करणारे हे नाव लॉरा अल्बर्ट या लेखिकेने निर्मिलेले होते, हे २००५-०६ मध्ये उघडकीस आले. टोपणनावाने लिहिणे हा अपराध नव्हता. त्या अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीच्या नावे चित्रपटाच्या हक्कांचा करार केला गेला, म्हणून २००७ मध्ये न्यूयॉर्क येथील ज्यूरीने फसवणुकीचा ठपका ठेवला. कादंबरीतील ‘मी’ कल्पित असू शकतो. पत्रातील ‘मी’ स्वाक्षरीला बांधलेला असतो. या दोहोंतील सीमारेषा परिचयाच्या परिच्छेदातूनच जाते.

मराठी अनुवादकाला हा प्रश्न दूरचा नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ या १९७८ च्या आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. एकाच व्यक्तीचे हे दोन भाग, सांगणारा व ऐकणारा, यांमधील अंतर हाच त्या पुस्तकाचा कणा आहे. जेरी पिंटो यांनी त्याचा केलेला इंग्रजी अनुवाद २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कृतीच्या लेखकाचा परिचय ‘दलित लेखक’ या दोन शब्दांवर आटोपणे म्हणजे दगडूला पुढे करून दया पवारांना पुसून टाकणे होय. आणि त्या दोन शब्दांवाचून तो लिहिणे म्हणजे याच्या उलट करणे. पहिल्यात लेखकाचे शिल्प नाहीसे होते, दुसऱ्यात त्याची साक्ष. चांगल्या परिचयाला हे दोन्ही एका वाक्यात धरावे लागते, आणि तेथे कोणताही तयार साचा उपयोगी पडत नाही.

६

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण व्यवहारात उपयोगी पडणारा आहे. मराठी ‘अल्प परिचय’ आणि विचारणापत्रातील परिचय यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेद नाही, प्रसंगभेद आहे. म्हणून एकाचे दुसऱ्यात भाषांतर करू नये. नवे लेखन करावे. ते करताना प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत : हे पडताळता येईल काय? याचा या पुस्तकाशी संबंध आहे काय? आणि हे सांगणे लेखकाला स्वतःला मान्य आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्या दोहोंचे होकारार्थी असूनही वाक्य गाळावे. आपल्या जीवनातील कोणता भाग साक्षीला आणावयाचा, हे ठरविण्याचा हक्क लेखकाचाच आहे.

आणि सांगण्यासारखे काही नसेल तर? कादंबरीच्या बाबतीत नाव, गाव आणि ‘ही पहिली कादंबरी’ एवढ्यावर थांबण्यास विचारणापत्राचा संकेतही आडकाठी करीत नाही. पूर्वकीर्तीच्या अभावी खोटी कीर्ती रचणे किंवा दैन्य पुढे करणे यांपेक्षा हे मौन अधिक प्रतिष्ठेचे आहे. नव्या कवीला इतका मान का, या प्रश्नाला ‘मालविकाग्निमित्रा’च्या सूत्रधाराने कवीविषयी एक अक्षरही न सांगता उत्तर दिले होते, आणि त्यानंतर लगेच नाटकाला आरंभ झाला होता.